नऊ आठवड्यांचे पिल्लू, पार्व्हो आणि कार्डावरील ‘लसीकरण पूर्ण’ हा शिक्का

निरंजना
पुढील आठवड्यात आमच्या घरी नऊ आठवड्यांचे पिल्लू येणार आहे. त्याच्या कार्डावर सहाव्या आणि आठव्या आठवड्यात पार्व्हो व डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगांवरची एकत्रित लस दिल्याची नोंद असून तिच्याखाली ‘लसीकरण पूर्ण’ असा शिक्का मारलेला आहे. आमच्या पशुवैद्यांचे म्हणणे मात्र असे, की पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत डोस चालूच ठेवावे लागतील.

एरवी मी पशुवैद्यांचे ऐकून स्वस्थ बसले असते. परंतु शेजारच्या घरातील एक पिल्लू तीन महिन्यांपूर्वी पार्व्होने दगावले, आणि आमचे व त्यांचे अंगण सामाईक आहे. अंगण त्यानंतर अनेकदा धुतले गेले आहे. आमच्याकडे सहा वर्षांची एक कुत्रीही आहे व ती रोज त्याच अंगणातून फिरायला जाते. तेव्हा त्या शिक्क्यावर किती विसंबावे, पिल्लाला अंगणात कधी सोडावे आणि मोठ्या कुत्रीकडून त्याला काही धोका आहे का, याविषयी जाणकारांनी व या अनुभवातून गेलेल्यांनी लिहावे, ही विनंती.

भटकभवानी
विषाणूला शिक्का वाचता येत नाही, एवढेच आत्ता लिहिते. जाणकार येईपर्यंत वाचनखूण साठवून ठेवते.

अश्वत्थ
मी थोडे वेगळे मत मांडतो. दोन डोस झालेले आहेत, पिल्लू धडधाकट आहे. मग पुन्हा पुन्हा तीच लस टोचण्याचे प्रयोजन काय? आपल्या बाळांना दिल्या जाणाऱ्या कित्येक लसी दोन-तीन डोसांत संपतात. पिल्लांच्या बाबतीत मात्र दर तीन-चार आठवड्यांनी दवाखान्याची वारी ठरलेली. शरीराला स्वतःची प्रतिकारशक्ती घडवण्याची संधी आपण देतच नाही, असे मला वाटते. शिवाय आजारी जनावरांची ये-जा असलेल्या दवाखान्यात लहान पिल्लाला वारंवार नेणे हाही धोकाच नव्हे काय?

शल्यक
मी लहान प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आहे. अश्वत्थ यांचा शेवटचा मुद्दा रास्त आहे, त्याकडे नंतर येतो. आधी डोस इतके का द्यावे लागतात ते सांगतो, कारण या आजारातील बहुतेक मृत्यूंचे मूळ तिथेच आहे.

पिल्लू जन्मल्यानंतर पहिल्या दिवसात आईचा चीक पिते आणि त्यातून आईची तयार प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) त्याच्या रक्तात येतात. ही प्रतिपिंडे पिल्लाचे रक्षण करतात, पण लसीतील जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूलाही ती शत्रूच समजतात आणि त्याला वाढू देत नाहीत. म्हणजे आईची प्रतिपिंडे पुरेशी असताना दिलेला डोस हा बहुधा वाया गेलेला डोस असतो. तो दुसरा ठरो वा तिसरा, पिल्लाच्या शरीराने त्याची नोंदच घेतलेली नसते. त्यामुळे इथे ‘किती डोस झाले’ हा प्रश्नच चुकीचा असून ‘शेवटचा डोस कोणत्या वयात झाला’ हा खरा प्रश्न आहे.

पार्व्होविरुद्धची आईची प्रतिपिंडे साधारण दर दहा दिवसांनी निम्मी होतात. आता एकाच वेतातील दोन पिल्लांचा विचार करा. एकाने पोटभर चीक प्यायला, दुसरे धक्काबुक्कीत मागे पडले आणि त्याला पहिल्याच्या एक अष्टमांश प्रतिपिंडे मिळाली. आठाचा एक होण्यास तीन वेळा निम्मे व्हावे लागते, म्हणजे तीस दिवस. एका पिल्लावर जी लस आठव्या आठवड्यात लागू पडेल, तीच त्याच्या सख्ख्या भावावर बाराव्या आठवड्यानंतर लागू पडेल. बाहेरून पाहून कोणते पिल्लू कोणत्या गटातले हे कोणालाही सांगता येत नाही. काहींच्या बाबतीत ही आडकाठी चौदा-पंधरा आठवड्यांपर्यंत टिकते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यायचे आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर द्यायचा, असा जगभर मान्य असलेला क्रम आहे.

यातील कठीण भाग असा, की आईची प्रतिपिंडे एका पातळीखाली गेली की ती खऱ्या, रोगट विषाणूला थोपवू शकत नाहीत. पण लसीच्या क्षीण विषाणूला मात्र अजूनही थोपवतात. त्या काळात पिल्लाला ना आईचे कवच असते, ना लसीचे. निरंजना यांचे पिल्लू नेमके याच वयात त्यांच्या घरी येत आहे.

अश्वत्थ
हे गणित पटले. पण त्यातूनच दुसरा प्रश्न उभा राहतो. सोळा आठवड्यांच्या डोसालाच खरा अर्थ असेल, तर सहाव्या आठवड्यापासून टोचत बसण्याऐवजी तो एकच का देऊ नये?

शल्यक
प्रश्न योग्य आहे. ज्या परिस्थितीत आयुष्यात एकच डोस देणे शक्य असेल, तिथे तो सोळा आठवड्यांनंतर द्यावा, असे जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतच म्हटलेले आहे. परंतु ज्या पिल्लाची प्रतिपिंडे सातव्या आठवड्यातच संपली, त्याने पुढचे दोन महिने कशाच्या आधारावर काढावेत? आधीचे डोस अशा पिल्लांसाठी असतात. शेवटचा डोस उरलेल्यांसाठी असतो.

रानवारा
शल्यक यांनी ज्या पोकळीचे वर्णन केले आहे, ती मी जवळून पाहिली आहे. माझे पिल्लू अकरा आठवड्यांचे होते आणि दोन्ही डोस कार्डाप्रमाणे वेळेवर झालेले होते. पहिल्या दिवशी त्याने फक्त खाणे सोडले आणि कोपऱ्यात पडून राहिले. ताप होता. उलट्या रात्री सुरू झाल्या आणि जुलाब त्यानंतर. जुलाबात पहिल्यांदा रक्त नव्हते, हे मुद्दाम लिहितो. कारण रक्त दिसत नाही म्हणून पार्व्हो नाही, असे समजून बसणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्या दिवशी रक्त आले आणि त्याचा जो वास असतो तो एकदा घेतलेला माणूस विसरत नाही.

विष्ठेची झटपट चाचणी त्याच दिवशी सकारात्मक आली. पिल्लाला दाखल करून शिरेतून सलाईन, उलट्या थांबवण्याचे औषध आणि प्रतिजैविके सुरू झाली. त्याच वेतातील, त्याच दिवशी लस टोचलेली त्याची बहीण दुसऱ्या घरी होती. आदल्या आठवड्यातच दोघे एकत्र खेळली होती. तिला काहीही झाले नाही. त्या वेळी मला हा शुद्ध दैवाचा खेळ वाटला होता. आज चिकाचे गणित वाचून बराच उलगडा झाला. आमचे पिल्लू वाचले, पण अंगावर निव्वळ कातडे उरले होते.

कानटोपी
रानवारा, वाचतानाच पोटात गोळा आला. विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत ना, मग ती का दिली जातात? आणि उलट्या-जुलाब असताना पोटाला पूर्ण विश्रांती द्यावी, एक-दोन दिवस काहीही खाऊ घालू नये, असे मी ऐकून आहे. ते बरोबर आहे का?

शल्यक
पार्व्होचा विषाणू झपाट्याने विभाजित होणाऱ्या पेशींतच वाढू शकतो. पिल्लाच्या शरीरात अशा पेशी आतड्याच्या अस्तरात आणि अस्थिमज्जेत असतात. आतड्याचे अस्तर झडते तेव्हा आतले जिवाणू रक्तात शिरतात, आणि नेमक्या त्याच वेळी अस्थिमज्जेवर आघात झाल्याने रक्तातील पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतात. पिल्लू पुष्कळदा विषाणूने थेट न मरता शरीरातील पाणी, क्षार व साखर खालावल्याने आणि जिवाणूंचे विष रक्तात पसरल्याने मरते. प्रतिजैविके त्या जिवाणूंसाठी असतात. अगदी कोवळ्या, आईकडून प्रतिपिंडेच न मिळालेल्या पिल्लांत विषाणू हृदयाच्या स्नायूंवरही हल्ला करतो. मात्र आता बहुतेक माद्यांना लस मिळालेली असल्याने तो प्रकार क्वचितच दिसतो.

उपाशी ठेवण्याची पद्धत जुनी झाली. उलट्या औषधाने आटोक्यात आणून लवकरात लवकर, गरज पडल्यास नळीवाटे, थोडे थोडे अन्न देण्याकडे आता कल आहे. कारण आतड्याचे अस्तर पुन्हा भरून येण्यासाठी आतड्यात अन्न असावे लागते. उपचार न मिळालेल्या बहुतांश पिल्लांचा मृत्यू होतो. वेळेवर दाखल करून नीट उपचार झाले, तर दहापैकी आठ-नऊ वाचू शकतात. या दोन टोकांतील फरक बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत काय केले यावर ठरतो, म्हणून घरगुती औषधांत वेळ दवडू नये. अमेरिकेत 2023 साली या विषाणूविरुद्धच्या एककृंतक (मोनोक्लोनल) प्रतिपिंडाला, म्हणजे औषध म्हणून द्यायच्या तयार प्रतिपिंडाला, सशर्त परवाना मिळाला, हे खरे आहे. परंतु त्याच्या भरवशावर कोणी लस टाळू नये.

मृद्गंध
मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून अंगणाविषयी लिहिते. ‘अनेकदा धुतले’ हे वाक्य मला काळजीचे वाटले.

डिस्टेंपरच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. साबणाने ते विरघळते आणि विषाणू निकामी होतो. शरीराबाहेर तो फार काळ टिकतही नाही. पार्व्होला असे आवरणच नाही. त्याचे प्रथिनांचे कवच जेमतेम पंचवीस नॅनोमीटरचे, पण विलक्षण चिवट आहे. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरने तो मरत नाही. फिनाईल, सुगंधी फरशी-द्रावणे आणि अमोनियम संयुगांची अनेक जंतुनाशके यांवरही विसंबता येत नाही. घरगुती साधनांत उपयोगी पडते ते ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पाच-सहा टक्क्यांचे साधे ब्लीच असल्यास एक भाग ब्लीचला सुमारे तीस भाग पाणी घ्यावे आणि पृष्ठभाग किमान दहा मिनिटे ओला राहू द्यावा. मात्र त्याआधी विष्ठा, माती व चिकटपणा साबणाने घासून, धुऊन काढलाच पाहिजे. सेंद्रिय मळ असला की ब्लीचची ताकद त्या मळावरच खर्च होते. द्रावण रोज ताजे करावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि ते आम्लयुक्त शौचालय-स्वच्छकात किंवा अमोनियात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

हे सारे फरशी, पिंजरा व भांड्यांपुरते झाले. माती निर्जंतुक करण्याचा व्यवहार्य उपाय माझ्या माहितीत नाही. ऊन आणि कोरडेपणा विषाणूचे प्रमाण हळूहळू कमी करतात, सावली व ओल त्याला जपतात. प्राण्यांच्या निवाऱ्यांत सर्वसाधारणपणे उन्हातील जागा पाच महिने आणि सावलीतील जागा सात महिने दूषित मानावी, असा सावध हिशेब धरतात. अनुकूल परिस्थितीत विषाणू वर्षभरही टिकू शकतो. निरंजना यांच्याकडे तीनच महिने झाले आहेत. आजारी पिल्लाच्या एका ग्रॅम विष्ठेत अब्जावधी विषाणू असू शकतात, हे लक्षात घेतले तर ‘आता काही दिसत नाही’ याला फारसा अर्थ उरत नाही.

भटकभवानी
म्हणजे गेली कित्येक वर्षे आमच्या घरी फिनाईलच्या वासाने फक्त पाहुणेच पळत होते, असे दिसते.

रानवारा
मृद्गंध यांच्या प्रतिसादाला एक जोड देतो. विषाणू कुत्र्याच्या सोबतीनेच येतो असे नाही. बुटांचे तळ, गाडीची चाके, पाण्याचे भांडे, दुसऱ्याच्या पिल्लाला कुरवाळून आलेले हात, यांपैकी कशावरही स्वार होऊन तो येऊ शकतो. ‘आमचे पिल्लू घराबाहेर पडतच नाही, त्याला पार्व्हो कसा होईल’ या प्रश्नाचे उत्तर दाराशी काढलेल्या चपलांत असते. शिवाय लागण झालेले पिल्लू लक्षणे दिसण्याच्या आधीपासूनच विष्ठेतून विषाणू टाकू लागते आणि बरे झाल्यावरही साधारण दोन आठवडे टाकत राहते, असे आमच्या पशुवैद्यांनी सांगितले होते. त्यामुळे समोरचे पिल्लू टणाटण उड्या मारते आहे, ही काही हमी नव्हे.

कानटोपी
मग सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत, आणि वर आणखी आठवडाभर, पिल्लाला घरात कोंडून ठेवणे हाच एकमेव मार्ग आहे, असे मी समजते.

शेपूटवाला
नाही, कृपया तसे समजू नका. मी कुत्र्यांना प्रशिक्षण देतो आणि ‘कोंडून ठेवा’ या सल्ल्याची किंमत मला रोज दिसते. साधारण तीन ते चौदा आठवडे हा काळ पिल्लाच्या मनाची घडण होण्याचा असतो. अनोळखी माणसे, मुले, वाहनांचे आवाज, पावसाच्या छत्र्या, इतर कुत्री या सर्वांशी त्याची ओळख याच काळात निर्धास्तपणे होते. हा काळ चार भिंतींत गेला, तर पुढे भित्रेपणातून चावणारी, सतत भुंकणारी कुत्री तयार होतात, आणि अशी कुत्री मोठ्या संख्येने सोडून दिली जातात. वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या अमेरिकी संस्थेची भूमिकाही अशीच आहे, की पहिला डोस होऊन आठवडा उलटला आणि जंताचे औषध दिलेले असले, की सात-आठ आठवड्यांपासून पिल्लांचा वर्ग सुरू करता येतो. अट एवढीच, की वर्गातील सर्व पिल्ले निरोगी व लस घेत असलेली असावीत आणि जागा जंतुनाशकाने स्वच्छ केलेली असावी.

पिल्लाला कडेवर घेऊन फिरवा. त्याचे पाय जमिनीला लागू देऊ नका, डोळे व कान मात्र मोकळे ठेवा. पूर्ण लसीकरण झालेल्या प्रौढ, शांत कुत्र्याच्या घरी न्या.

रानवारा
शेपूटवाला यांचा मुद्दा एरवी मान्य आहे. पण ज्या घराच्या दारातच पार्व्होने पिल्लू गेले, त्या घराला सर्वसाधारण नियम लावू नये. वर्गातल्या इतर पिल्लांचाही विचार करायला हवा. या पिल्लाच्या पंजांवरून तिथे काय जाईल?

शेपूटवाला
म्हणूनच अंगण ओलांडताना कडेवर, आणि दारातून थेट गाडीत. अंगण टाळायचे म्हणून जगच टाळायचे, एवढ्यालाच माझा विरोध आहे.

कानटोपी
एक शंका राहून जाते आहे. हा आजार माणसांना किंवा मांजरांना होतो का? आमच्याकडे मांजर आहे आणि आजीला पार्व्होचे नाव ऐकूनच धसका बसतो.

मृद्गंध
माणसांना नाही. माणसांत आढळणारा पार्व्होविषाणू बी19 हा वेगळा आहे आणि तो कुत्र्यांकडून येत नाही. आजींना निश्चिंत करा. त्यांच्या चपला मात्र पिल्लाच्या वाटेत नसाव्यात. मांजरांचे थोडे गुंतागुंतीचे आहे. 1978 साली हा रोग जवळजवळ एकाच वेळी जगभर उफाळला, तेव्हा कुत्र्यांत त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्तीच नव्हती आणि प्रौढ कुत्रीसुद्धा मेली. मांजरांतील पॅनल्यूकोपेनियाच्या विषाणूशी किंवा त्याच्या एखाद्या निकटच्या नातेवाइकाशी त्याचे मूळ जोडले जाते. नंतर आलेले 2ए, 2बी आणि 2000 साली इटलीत प्रथम आढळलेला 2सी हे प्रकार मांजरांनाही लागू शकतात. मांजराला पॅनल्यूकोपेनियाची लस दिलेली असावी, एवढे पाहावे.

अश्वत्थ
माझे मत काही अंशी बदलले, हे नोंदवतो. सोळा आठवड्यांच्या डोसाला आता माझा विरोध नाही. परंतु त्यानंतर दरवर्षी पार्व्होची लस देण्यामागे काय तर्क आहे? आणि लस लागू पडली की नाही, हे तपासण्याचा काही मार्ग आहे की नाही?

शल्यक
दरवर्षी देण्याची गरज नाही, त्याबाबत मी तुमच्याच बाजूचा आहे. सोळा आठवड्यांनंतरचा डोस झाल्यावर सुमारे सव्वीस आठवड्यांच्या वयात किंवा वर्षभराने एक डोस द्यावा. त्यानंतर पार्व्हो, डिस्टेंपर आणि संसर्गजन्य यकृतदाह यांच्या जिवंत लसी तीन वर्षांत एकदाहून अधिक वेळा देऊ नयेत, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. रेबीज व लेप्टोस्पायरोसिसचे वेळापत्रक वेगळे असते, त्यांची यात सरमिसळ करू नये. तपासणीचाही मार्ग आहे. शेवटच्या डोसानंतर किमान चार आठवड्यांनी, म्हणजे विसाव्या आठवड्याच्या सुमारास, रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी करता येते. एखादे पिल्लू लसीला प्रतिसादच न देणारे निघते, ते यातून कळते.

दवाखान्यातील धोक्याविषयी: वेळ ठरवून जा, पिल्लाला मांडीवर ठेवा, प्रतीक्षागृहाच्या जमिनीवर सोडू नका आणि शक्य असल्यास गाडीतच थांबून बोलावल्यावर आत जा. पिल्लाला लस टोचण्यापूर्वी ती दोन ते आठ अंश तापमानात ठेवलेली होती ना, हे विचारण्यात संकोच करू नका. कोणताही पशुवैद्य रागावणार नाही, आणि रागावलाच तर तेही एक उत्तर आहे.

निरंजना
सर्वांचे मनःपूर्वक आभार. शिक्क्याचा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघाला आहे. पिल्लाचा आठव्या आठवड्यातील डोस जमेस धरून पुढचे डोस बाराव्या आठवड्यात आणि सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर द्यावेत, असे पशुवैद्यांशी बोलून ठरवत आहोत. अंगण कडेवरूनच ओलांडायचे, चपलांची जागा दाराबाहेर हलवायची आणि फरशीसाठी ब्लीच वापरायचे, हेही ठरले. यजमानांनी फिनाईलच्या उरलेल्या बाटल्यांचे काय करायचे असे विचारले आहे. भटकभवानी यांनी मार्गदर्शन करावे.

सहा वर्षांच्या कुत्रीचा मुद्दा मात्र चर्चेत मागे पडला. तिचा शेवटचा डोस दोन वर्षांपूर्वी झाला आहे. ती आणि पिल्लू एकत्र राहू शकतील का?

भटकभवानी
पाहुणे पूर्वीइतकेच येत असतील, तर बाटल्या जपून ठेवाव्यात.

शल्यक
पिल्लूपणाचे डोस आणि त्यानंतरचा बूस्टर झालेला असेल, तर दोन वर्षांपूर्वीचा डोस पुरेसा आहे. ती स्वतः आजारी पडण्याची आणि विष्ठेतून विषाणू पसरवण्याची शक्यता फार कमी आहे. एकत्र राहण्यास हरकत नाही. मात्र तिचे पंजे आणि पोटाखालचे केस त्या अंगणाला रोज लागतात. शक्य असल्यास तिला काही महिने दुसऱ्या वाटेने न्यावे. ते जमत नसेल, तर आत येताना दारातच तिचे पंजे भरपूर पाण्याने व साबणाने धुऊन कोरडे करावेत. साबणाने विषाणू मरणार नाही, तो धुऊन निघावा एवढाच हेतू आहे. ब्लीच तिच्या अंगाला लावू नये. पंजे धुतलेले पाणी आत न आणता सांडपाण्यात सोडावे, आणि पुसण्याचे फडके पिल्लाच्या कपड्यांत मिसळू नये.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बाराव्या आठवड्याच्या डोसानंतर काही दिवसांत पिल्लाला साधे जुलाब झाले आणि विष्ठेची झटपट चाचणी पुसटशी सकारात्मक आली, तर ती लसीतील विषाणूमुळेही असू शकते. लगेच घाबरून जाऊ नका. पण घरी थांबूनही राहू नका. पिल्लाला घेऊन या, पांढऱ्या पेशी मोजून आणि पिल्लाची अवस्था पाहून ठरवता येते.

निरंजना
फडके वेगळे ठेवते. मागच्या बाजूला एक अरुंद दार आहे, तिथून कुत्रीला नेता येईल असे दिसते. उद्यापासून तीच वाट.